पुडीत काय आहे, ते आधी सांगा
गुडघेदुखी आणि शुगर, दोन्ही असणाऱ्यांसाठी



वस्तीत शुगर तपासणीचं शिबिर लावलं की आम्हाला एक गोष्ट हमखास दिसते. बोटातून रक्ताचा थेंब द्यायला बसलेली बाई शुगरबद्दल फारसं बोलत नाही, गुडघ्याबद्दल बोलते. जिना चढवत नाही, खाली बसलं तर उठवत नाही, रात्री कूस बदलताना कळ येते. शुगर दुखत नाही, गुडघा दुखतो. म्हणून शुगरची गोळी चुकते, पण गुडघ्याची पुडी चुकत नाही.

ही पुडी कुठून येते? स्टेशनबाहेरच्या तंबूतून, आठवडी बाजारातून, गावाकडच्या वैदूकडून, नाहीतर शेजारणीच्या बहिणीला "गुण आला" म्हणून. पांढऱ्या किंवा तपकिरी कागदात बांधलेली पावडर, सोबत तेलाची बाटली. नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. फक्त एक वाक्य: "आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही."

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. झाडपाल्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो नाव नसलेल्या पुडीला. आणि "वय झालं, आता असंच राहणार" असं म्हणून आपल्या आयाबहिणींना त्या पुडीकडे ढकलणाऱ्या दवाखान्यालाही आमचा तेवढाच विरोध आहे.

दोन आजार एकत्र का येतात?

गुडघ्याच्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती हळूहळू झिजते, त्याला आपण "गादी झिजली", "वंगण संपलं" म्हणतो. डॉक्टर त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. वय, वजन, जुना मार, आणि उकिडवं बसून वर्षानुवर्षं केलेलं काम ही त्याची कारणं. फरशी पुसणारी, भांडी घासणारी, बांधकामावर घमेलं वाहणारी बाई हे सगळं भोगते.

वाढलेलं वजन शुगरही आणतं आणि गुडघ्यावरचा भारही वाढवतं. मग गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद होतं, चालणं बंद झालं की शुगर वाढते, वजन वाढतं आणि गुडघा आणखी दुखतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीतरी जणांचे गुडघेही दुखतात, पण शुगरच्या ओपीडीत गुडघ्याचं कोणी विचारत नाही आणि हाडांच्या ओपीडीत शुगरचं कोणी विचारत नाही. एकाच माणसाला दोन रांगांत उभं केलं जातं, आणि त्या दोन रांगांच्या मधल्या जागेत पुडीवाल्याचं दुकान चालतं.

तीन दिवसांत आराम पडला? तिथेच संशय घ्या

झाडपाल्याच्या औषधाचा सांध्यावर गुण यायला आठवडे लागतात. जी पुडी दोन-तीन दिवसांत गुडघा मोकळा करते, तिच्यात बहुतेक वेळा झाडपाला कमी आणि कारखान्यातलं औषध जास्त असतं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन ही स्टेरॉइडं आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं "आयुर्वेदिक" म्हणून विकलेल्या सांधेदुखीच्या औषधांत प्रयोगशाळांना पुन्हा पुन्हा सापडली आहेत. "शुगरच्या जडीबुटी"त मेटफॉर्मिन आणि ग्लिबेनक्लामाइड सापडलं आहे. म्हणजे ज्या ॲलोपॅथीला घाबरून माणूस पुडीकडे गेला, तीच ॲलोपॅथी त्याच्या पोटात जाते, फक्त मात्रा न सांगता आणि तपासणी न करता.

शुगर असलेल्या माणसाला हे दुप्पट महागात पडतं. स्टेरॉइडने शुगर झपाट्याने वर चढते. पुडी घेणारी बाई सांगते, "गोळी रोज घेते, गोड खात नाही, तरी शुगर तीनशेच्या खाली येत नाही." आमच्या शिबिरात हे वाक्य ऐकलं की आम्ही आधी विचारतो, "मावशी, गुडघ्यासाठी काही घेता का?" बऱ्याचदा पिशवीतून पुडी निघते.

आणखी खुणा लक्षात ठेवा. चेहरा गोल आणि सुजल्यासारखा होतो. भूक अचानक वाढते. पोट सुटतं, हातपाय मात्र बारीक होतात. कातडी पातळ होते, जरा धक्का लागला की निळा डाग उठतो. बीपी वाढतं. जखम भरत नाही. घरचे म्हणतात, "औषध लागू पडलं, अंगावर मांस धरलं." ते मांस नव्हे.

इथे एक गोष्ट नीट वाचा. पुडी दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेतली असेल, तर हा लेख वाचून ती एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अशा वेळी पुडी अचानक थांबवली तर उलट्या, गळून जाणं, चक्कर, बीपी खाली जाणं असं होऊ शकतं आणि जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी बरोबर घेऊन सरकारी रुग्णालयात जा आणि स्पष्ट सांगा की ही इतके दिवस घेतली. लाजू नका. डॉक्टर ओरडले तरी सांगा. ते मात्रा कमी कमी करत थांबवतील.

किडनीचं गणित

शुगरमुळे किडनी हळूहळू खराब होते, पण दुखत नाही. सूज दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. सोबत बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची गोळी असो, मेडिकलवाल्याने सुटी कापून दिलेली असो की पुडीत लपवलेली असो, किडनीला फरक पडत नाही.

म्हणून शुगर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं. वेदनाशामक गोळी महिनोन् महिने घ्यायला सांगणाऱ्या कोणालाही विचारावं, "माझं क्रिएटिनिन किती आहे ते पाहिलंत का?" हा उद्धटपणा नाही, हा तुमचा हक्क आहे. गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल गोळीपेक्षा रक्तात फार कमी उतरतं, म्हणून ते आधी वापरून पाहता येतं.

भस्मांचंही तसंच. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली. त्यातल्या पाचांतल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. किडनी आधीच कमजोर असेल तर अशा धातूंची चैन परवडणारी नाही.

मग झाडपाल्यात काहीच नाही का?

आहे. आणि ते प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, नाहीतर आमच्यात आणि जाहिरातवाल्यात फरक काय?

शल्लकी, म्हणजे सालई गुग्गुळ. आपल्या विदर्भ-खानदेशच्या जंगलात होणाऱ्या सालईच्या झाडाचा हा डिंक. गुडघ्यांच्या झिजेवरच्या वनौषधींच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये आढावा घेतला. त्यात शल्लकीच्या शुद्ध केलेल्या अर्काने तीन महिन्यांत दुखणं १०० पैकी सुमारे १७ गुणांनी कमी झालं. म्हणजे गुण आहे, पण बेताचा, आणि चाचण्या लहान होत्या.

हळद. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीच्या अर्काने चार आठवड्यांत आयबुप्रोफेनएवढाच आराम दिला आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. पण तो घट्ट अर्क होता. आपल्या डब्यातल्या हळदीत कुरकुमिन शेकडा तीनच्या आसपासच असतं. भाजीत हळद घाला, रात्री बिनसाखरेच्या दुधात घाला, त्याने नुकसान नाही, पण गुडघा बरा होईल ही आशा नको. अर्काच्या कॅप्सूल घ्यायच्या तर रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि पित्ताशयात खडे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

मेथी, कारलं, गुडमार, जांभळाच्या बिया. मेथीदाण्याने शुगर थोडी उतरते. कारल्याबाबत कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्यात पुरेसा पुरावा मिळाला नाही. ताटातली कारल्याची भाजी आणि मेथीची भाकरी चांगलीच. पण ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना वरून कारल्याचा रस आणि गुडमारची पावडर घेतली, तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, बोलणं असंबद्ध होणं ही त्याची लक्षणं. लगेच साखर-पाणी द्या, शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. आणि "जडीबुटी चालू केली, आता गोळी बंद" असं केलं, तर उलट शुगर चढते आणि पायाची जखम चिघळते.

गुळवेल. कोविडच्या काळात घरोघरी काढा उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्यासाठी धडा एवढाच की काढाही औषध आहे, तो महिनोन् महिने मनाने घ्यायचा नाही.

आणखी एक. च्यवनप्राश आणि बरेचसे अवलेह साखरेच्या पाकात बनतात. आसव आणि अरिष्ट गूळ आंबवून होतात, त्यात गोडही असतं आणि मद्यार्कही. "आयुर्वेदिक टॉनिक" म्हणून चमचा-चमचा घेणाऱ्या शुगरच्या पेशंटने बाटलीवरचे घटक वाचावेत.

लक्षात घ्या, अशा चाचण्यांत बहुधा दुसरा मोठा आजार असलेल्यांना घेतच नाहीत. म्हणजे ज्याला गुडघा आणि शुगर दोन्ही आहे, त्याच्यासाठी हा पुरावा आणखी पातळ होतो. शल्लकीसारखं औषध घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीने घ्या, एका वेळी एकच नवं औषध सुरू करा, पहिले काही आठवडे शुगर जास्त वेळा तपासा, आणि चालू असलेली शुगरची गोळी थांबवू नका.

बिब्बा, रुई आणि गरम वीट

पोटात न जाणारे उपायही निर्धोक नसतात. गुडघ्यावर बिब्बा घालण्याची चाल गावाकडे अजून आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. रुईच्या चिकानेही तसंच होतं. निरोगी माणसाचा फोड आठवड्यात सुकतो, शुगरवाल्याचा फोड घाव होतो. शुगरने पायांची संवेदना कमी झालेली असते. गरम वीट, मिठाची पुरचुंडी, रबरी पिशवी किती गरम आहे हे पायाला कळतच नाही आणि सकाळी फोड दिसतो. शेक घ्यायचाच तर दुसऱ्या माणसाने कोपर लावून गरमपणा पाहावा, आणि तळपायाला शेक देऊच नये. निर्गुडीचं किंवा तिळाचं तेल कोमट करून हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, कातडी शाबूत असेल तर.

तळपायांची आग आणि मुंग्या हे गुडघ्याचं दुखणं नव्हे, ते नसांचं आहे. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊनही असं होतं. त्याची तपासणी होते आणि उपाय स्वस्त आहे. त्यावर गुडघ्याचं तेल चोळून उपयोग नाही.

बिनपैशाचं औषध

गुडघ्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे, आणि तो शुगरलाही लागू पडतो. दोन्ही आजारांवर एकच औषध, तेही फुकट, पण त्याची जाहिरात कोणी करत नाही कारण त्यात कोणाला कमिशन नाही.

खुर्चीवर ताठ बसा. एक पाय समोर सरळ करा, मांडी आवळा, मनात दहा आकडे मोजा, हळू खाली ठेवा. दहा वेळा हा पाय, दहा वेळा तो. सकाळ-संध्याकाळ. आडवं पडून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्याने तो दाबा, हेही तसंच दहा वेळा. पहिले काही दिवस थोडं दुखेल. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

उकिडवं बसणं टाळा. भांडी-कपड्यांना उंच पाट किंवा स्टूल घ्या. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा, बहुतेक जण ती त्याच हातात धरतात. चपला मऊ एमसीआर रबराच्या घ्या, अनवाणी फिरू नका. रात्री झोपण्याआधी दोन्ही तळवे आरशात किंवा सुनेला-नातवाला दाखवून पाहा.

आमच्या मागण्या

कोणी म्हणेल, "तुम्ही नर्सबाई, म्हणून तुम्ही ॲलोपॅथीचीच बाजू घेणार. आमच्या आजीने पाल्यानेच माणसं बरी केली." आजीच्या ज्ञानाला आम्ही कमी लेखत नाही. भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गुरूने तक्षशिलेच्या आसपास औषध नसलेली वनस्पती शोधायला सांगितली आणि त्यांना तशी एकही सापडली नाही. पण ते प्रत्येक वनस्पती हातात घेऊन, ओळखून परतले होते. आपली आजीही निर्गुडी तोडून आणायची ती दाखवून. पुडीवाला काय दाखवतो? त्याला एकदा घटक लिहून मागा. तो चिडेल, पण लिहून देणार नाही.

दुसरं कोणी म्हणेल, "दवाखान्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि शेवटी तीच गोळी. पुडी पन्नास रुपयांत दारात मिळते." हा मुद्दा आम्हाला मान्य आहे. म्हणूनच फक्त लोकांना उपदेश करून चालणार नाही. आमच्या मागण्या या आहेत:

१) शुगरच्या प्रत्येक तपासणीत "गुडघे दुखतात का, त्यासाठी काय घेता" हा प्रश्न विचारला जावा आणि कार्डावर लिहिला जावा.

२) महिनोन् महिने चालणाऱ्या वेदनाशामक गोळीआधी क्रिएटिनिनची तपासणी व्हावी. चोळायचं जेल आरोग्य केंद्रात कायम मिळावं.

३) शहरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट बसावा. धुणीभांडी करणाऱ्या बाईला सकाळची वेळ जमत नाही.

४) अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या आणि स्टेशनबाहेरच्या पुड्यांचे नमुने घेऊन तपासावेत आणि निकाल जाहीर करावेत.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यानुसार मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात गुन्हा आहे. विक्रीच्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असायला हवा. विषारी द्रव्यं असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही छापावी लागते. कोणत्याही औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंद करता येते. महिला मंडळाने एकत्र जाऊन, पुडी आणि पेशंटची कागदपत्रं घेऊन लेखी तक्रार दिली तर ती टाळणं अवघड जातं. पोचपावती घ्यायला विसरू नका.

या महिन्यात एवढं करा. घरात ज्यांना शुगर आहे, त्यांच्या उशाखालची, डब्यातली, देवळीतली सगळी औषधं एका पिशवीत भरा: गोळ्या, पुड्या, तेलं, काढे, सगळं. ती पिशवी घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि टेबलावर रिकामी करा. आशाताईंना सोबत न्या. कोणतं ठेवायचं, कोणतं हळूहळू थांबवायचं, कोणती तपासणी करायची, हे समोरासमोर ठरू द्या. डॉक्टरांनी पिशवीकडे न बघता चिठ्ठी फाडून दिली, तर खुर्चीवरून उठू नका. पुन्हा विचारा.